टाचेची चामखीळ आणि तिच्या तळातला कॅन्सर: माझा अनुभव

उजव्या टाचेखालच्या गाठीला घरात सगळे कुरूप म्हणत होते. ठाण्यातल्या स्किनच्या डॉक्टरांनी वरचा थर ब्लेडने खरवडला, काळे ठिपके दाखवले आणि चामखीळ असल्याचं सांगितलं. ते ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या. कुरुपात त्या दिसत नाहीत. १२ आठवडे सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावलं, नंतर दर तीन आठवड्यांनी द्रव नायट्रोजन. शेजारच्या दोन लहान चामखिळी गळाल्या, मोठी मात्र फुलकोबीसारखी वाढत राहिली. दाबली की बारीक भोकांतून पांढरट, कुजक्या वासाचा लगदा बाहेर यायचा. या वासाकडे आणि भोकांकडे कुणीही दुर्लक्ष करू नये. चामखिळीला अशी बिळं नसतात.

पहिला तुकडा ३ मिमीच्या पंचने, म्हणजे गोल पात्याच्या हत्याराने, काढला. रिपोर्ट आला: विषाणूजन्य चामखीळ. तो चुकीचा नव्हता, उथळ होता. व्हेरुकस कार्सिनोमात, म्हणजे चामखिळीसारख्या दिसणाऱ्या कातडीच्या कॅन्सरमध्ये, वरच्या पेशी जवळजवळ निरोगी दिसतात. निदान ठरतं ते तळाशी, जिथे त्या जाड, बोथट मुळांसारख्या आत ढकलत जातात. टाचेची कातडी इतकी जाड की लहान पंचात बहुतेक वरचा कडक थरच येतो.

दुसऱ्यांदा भूल देऊन पाचरीसारखा तुकडा काढला: कडेची निरोगी कातडी आणि खालची चरबी, दोन्ही त्यात. बाटलीत तुकडा टिकवणारं १० टक्के फॉर्मेलिन, तुकड्याच्या दहापट. आधीच्या वेळी लॅबच्या फॉर्मवर नुसतं 'चामखीळ?' होतं, या वेळी किती महिने, कोणते उपचार, वास, भोकं हे सगळं आग्रहाने लिहून घेतलं. या वेळी व्हेरुकस कार्सिनोमा निघाला आणि लगतच्या कातडीत चामखिळीचे बदलही. तळपायाच्या या प्रकाराचं वर्णन १९५४ मध्ये झालं. त्याचं 'क्युनिक्युलेटम' हे नाव सशाच्या बिळावरून.

दुसऱ्या मतासाठी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात गेलो. लॅबकडून स्लाइडबरोबर तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, नवे काप त्यातूनच निघतात. मग हाडापर्यंत पोचलंय का ते पाहायला एमआरआय. हाड वाचलं होतं, म्हणून पाय राखून रुंद काढणी, म्हणजे भोवतालच्या निरोगी कातडीसकट गाठ काढणं, करता आली. हा प्रकार लांब क्वचितच पसरतो, पण जागेवर खोल पोखरतो. रेडिएशन ही इथे पहिली निवड नव्हे.

जखम लगेच झाकली नाही, हे मला फार योग्य वाटलं. कडा आणि तळ स्वच्छ असल्याचा रिपोर्ट आल्यावरच कातडी लावली. आधी लावली आणि कडेला पेशी सापडल्या, तर लावलेली कातडी पुन्हा कापावी लागते. त्यानंतरचे आठवडे टाच जमिनीला टेकवायची नव्हती, घरातही वॉकरच.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. टाच पाहतात आणि जांघेतल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) चाचपतात. लावलेल्या कातडीच्या कडेला काही खरखरीत लागलं, तर अ‍ॅसिड लावायचं नाही, आधी खोल तुकडा, असं ठरलं आहे.