नसबंदी केली की कुत्रा शांत होतो का?

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी भुऱ्याला फिरवताना कोणीतरी थांबवून विचारतंच, "ताई, आमचा फार चावरा होऊन राहिला. नसबंदी करून टाकू का?" उभ्या उभ्या सांगितलेलं अर्धवटच पोचतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

आमचा भुऱ्या गावठी. जानेवारीच्या थंडीत प्रतापनगरच्या आमच्या गल्लीत सापडलेलं पिल्लू. दीड वर्षाचा होईपर्यंत त्याच्या दोन तक्रारी झाल्या होत्या आणि मी दोन्हींची एकच मोट बांधली, तिथेच चुकले.

पहिली भाद्रपदातली. आपल्याकडे रस्त्यावरच्या बहुतेक कुत्र्या याच सुमाराला माजावर येतात. भुऱ्या जेवेना, रात्रभर कण्हायचा, तुळशीपासून स्कूटरच्या चाकापर्यंत सगळीकडे तंगडी वर. एका रात्री कंपाउंडची भिंत ओलांडून गेला तो तिसऱ्या दिवशी फाटका कान घेऊन परतला.

दुसरी तक्रार फाटकावरची. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की तो अंगावर जायचा. एकदा दूधवाल्या दादांच्या पोटरीला दात लागले. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली, त्यांना लगेच दवाखान्यात नेऊन रेबीजची लस सुरू केली. मला इतकी शरम वाटली की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन म्हटलं, करून टाका ऑपरेशन.

त्यांनी आधी भुऱ्याचे कान, दात, सांधे तपासले, कारण दुखत असलं तरी कुत्रा चावतो. मग विचारलं, "अंगावर जाण्याआधी तो काय करतो?" मला सांगता येईना.

मग आठ दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत बसले. फाटकाची कडी वाजली की शेपूट पोटाखाली. कान मागे. जीभ पटकन नाकावरून फिरायची, तो एक पाऊल मागे सरकायचा आणि तिथून झेप. घाबरत होता बिचारा. मग आठवलं, दहा महिन्यांचा असताना दिवाळीत कोणीतरी गाडीवरून जाता जाता फटाक्यांची पेटती लड फाटकातून आत फेकली होती.

नसबंदीत वृषणं काढली की टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन जवळजवळ संपतं. माजावरच्या कुत्रीमागे भटकणं, जागोजागी मुतणं, अंगावर चढणं, दुसऱ्या नरांशी भांडणं, यांत त्या हार्मोनचा मोठा वाटा असतो, त्यामुळे हे बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं. भीतीचं मूळ तिथे नसतं. भित्र्या कुत्र्याची भीती कधी कधी ऑपरेशननंतर वाढतेसुद्धा. म्हणून "चावतो" एवढ्यावर मी कोणालाच हो म्हणत नाही.

तरी आम्ही ऑपरेशन केलं, भाद्रपदातल्या तक्रारीसाठी. गल्लीत आणखी पिल्लं नकोत, हेही होतंच. सासरे नाराज होते. "देवानं दिलं ते कशाला काढता मुक्या जीवाचं?" म्हणाले. त्यांचं मन मला कळत होतं, पण फाटका कान मीच धुतला होता.

रक्त तपासलं तर प्लेटलेट्स कमी. गोचीड ताप! वरून कुत्रा ठणठणीत. तसंच टेबलावर घेतलं असतं तर रक्तस्राव आवरणं कठीण गेलं असतं. औषधं संपवून, पुन्हा रक्त तपासून, तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. ही तपासणी पैसे वाचवायला टाळू नका, हात जोडून सांगते. आणि जमलं तर हिवाळ्यात करा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत टाके चाटू नयेत म्हणून लावतात ती मोठी कॉलर गळ्यात घालून त्या जीवाला कूलरसमोर पडून राहायला लावू नका.

फरक लगेच दिसत नाही. हार्मोन काही दिवसांत उतरतं, सवयी सुटायला आठवडे, कधी महिने लागतात. सुरुवातीचे काही आठवडे त्याच्यापासून कुत्रीला पिल्लंही होऊ शकतात, तेवढे दिवस त्याला मोकळा सोडू नका. भूक वाढते, तेव्हा वाटीही थोडी लहान करा.

पुढच्या भाद्रपदात बाहेर कुत्री रडत होती आणि भुऱ्या पायपुसण्यावर झोपला होता. हेल्मेटवर मात्र तसाच भुंकत होता. त्याला वेगळे पाच महिने लागले. आधी हेल्मेट अंगणात नुसतं ठेवायचं आणि शेजारी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मग ते माझ्या हातात, मग डोक्यावर. शेवटी दूधवाले दादाच फाटकाबाहेरून अंडं टाकायला लागले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अजूनही भुऱ्या भुंकतो, पण लांबून, शेपूट वर ठेवून.

परवा एक जण सहा महिन्यांचं लॅब्राडोर घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, थांबा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासात लवकर नसबंदी केलेल्या लॅब्राडोरमध्ये सांध्यांचे विकार जास्त आढळले. हाडांची वाढ पूर्ण होऊ द्या, नेमकं वय तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तुमचाही विचार चालला असेल तर दोन आठवडे वहीत लिहा: किती वाजता, समोर कोण होतं, किती अंतरावर, शेपूट कुठे होतं. वही घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. आणि मला दाखवावीशी वाटली तर मी सकाळी सहाला फुटाळ्यावर असतेच.