आवाजाचा वारा

आमच्या वूफरच्या डब्याला मागे एक गोल भोक आहे. गाण्यात ढोल वाजू लागला की त्यासमोर तळहात धरायचा. चक्क वारा लागतो. आत पंखा नाही, काही नाही.

खरं तर आवाज पुढे जातो, हवा नव्हे. ती जागच्या जागी मागेपुढे डुलते. मग हा वारा कुठला? वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती फुंकरीने विझते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा बरं! बाहेर पडणारी हवा झोत होऊन सरळ निघते, आत शिरणारी मात्र चहूबाजूंनी गोळा होते. म्हणून भोकातून जितकी हवा बाहेर तितकीच आत, तरी समोर झोत उरतोच.

भोक नसलं तरी आवाज वारा काढतो. थरथरणाऱ्या पत्र्यावर वाळू टाकली तर ती स्थिर रेषांवर जाऊन बसते. लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची हलकी भुकटी मात्र जिथे थरथर जास्त, नेमका तिथेच ढीग करते. १८३१ साली मायकेल फॅरेडेने हा खेळ हवा काढून घेतलेल्या भांड्यात मांडला, आणि भुकटी मुकाट्याने वाळूच्या रेषेत जाऊन बसली! म्हणजे एरवी तिला वाहून नेत होते ते पत्र्यावर उठणारे हवेचे इवले प्रवाह. मला हा प्रयोग फार आवडतो. समीकरण एकही नाही आणि शंकेलाही जागा नाही. समीकरणं १८८४ मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने पुरवली: भिंतीलगत हवा घासते, त्यामुळे मागेपुढेचा हिशेब पुरता फिटत नाही आणि भोवरे फिरत राहतात.

उष्णताही अशीच वाहते. आवाजात हवा दाबली गेली की किंचित तापते, विरळ झाली की निवते. साध्या गप्पांत हा फरक अंशाच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. तेव्हा गरमागरम चर्चेने खोली तापायची भीती नको. पण बंद नळीत कानठळ्या बसवणारा सूर कोंडून आत पातळ पत्र्यांची चळत ठेवली, तर दाबलेली हवा एका जागी उष्णता सोडते, सरकते, विरळ होऊन दुसरीकडून उचलते. असा आवाजावर चालणारा फ्रिज १९९२ साली ‘डिस्कव्हरी’ यानातून अवकाशात जाऊन आला. आपल्या स्वयंपाकघरात तो इतक्यात येईल असं मला वाटत नाही.

उलटा खेळ, म्हणजे उष्णतेतून आवाज काढणं, त्याहून सोपा, आणि १८५९ सालचा. डच शास्त्रज्ञ राइके याने उभ्या नळीत, खालून पाव उंचीवर, तारेची जाळी बसवून तापवली. ज्योत काढताच नळी मोठ्याने गाऊ लागली. आडवी केली की गप्प, कारण वर चढणारी हवा थांबते; जाळी गरम आहे तोवर पुन्हा उभी केली की पुन्हा सुरू.