बाबांसाठी घड्याळ

बाबा या महिन्यात रिटायर होतायत. त्यांना घड्याळ द्यायचं म्हणून आज मी आणि दादा फोर्टला गेलो होतो. किंमत आवाक्याबाहेरची आहे हे माहीत होतं, तरी शोरूममध्ये रोलेक्स सबमरिनर हातात घेऊन बघितलंच. सेकंदकाटा सेकंदाला ८ बारीक पावलं टाकत असा सरकतो की नजर हटत नाही. बाहेरची कडी एकाच दिशेने फिरते, पूर्ण फेरीत १२० वेळा कट् कट् करत. तारखेवरचं भिंग आकडा अडीचपट मोठा दाखवतं. खरंच सांगते, हातातून ठेववत नव्हतं.

दादाच्या मनगटावर त्याच मॉडेलची ‘फर्स्ट कॉपी’ होती, गेल्या वर्षी घेतलेली. दोन्ही शेजारी धरली आणि त्याचा चेहराच उतरला. कॉपीतली तारीख खिडकीत एका बाजूला सरकलेली, कडी दोन्हीकडे सैल फिरते. खऱ्या घड्याळाला ३०० मीटर खोल पाण्याची हमी. याच्या काचेआड पहिल्याच पावसात वाफ धरली होती. विकणाऱ्याने ‘ओरिजिनलसारखंच’ म्हणून चांगले पैसे घेतले होते. मला फार राग आला. फसवणूकच ही!

येताना आमच्या नेहमीच्या घड्याळवाल्या काकांकडे थांबलो. बाबांचं जुनं, चावीचं एचएमटी जनता पर्समध्ये होतं. काकांनी डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं, म्हणाले, "मशीन अस्सल आहे, फक्त तेल सुकलंय." चावी दिली, घड्याळ जरा हललं, थांबलं, परत चालू झालं.

रविवारी मिळेल. नवा पट्टा तपकिरी लेदरचा सांगितलाय, बाबांना तोच आवडतो.