सीनिअरवरून स्टाफवर: प्रमोशनच्या पॅकेटचा माझा अनुभव

मोठ्या अमेरिकन प्रॉडक्ट कंपनीच्या भारतातल्या ऑफिसात सीनिअर इंजिनिअरपर्यंतची वाट बरीचशी मळलेली असते. दिलेलं काम वेळेत, ऑन-कॉल (बिघाड झाल्यास तो निस्तरायची पाळी) नीट, कोड वाचनीय, एवढ्यावर भागतं. त्यापुढच्या पायरीला कुठे स्टाफ म्हणतात, कुठे प्रिन्सिपल. गूगलमध्ये ती एल-६ आहे, मायक्रोसॉफ्टमध्ये लेव्हल ६५. सीनिअरवरच कायम राहिलात तरी कोणी नावं ठेवत नाही. पण पुढे जायचं असेल तर अर्ज करून मोकळं होता येत नाही. मी या प्रक्रियेतून गेलो आणि पुढे इतरांची पॅकेट्स, म्हणजे बढतीसाठी कामाचे पुरावे मांडणारी टिपणं, वाचायलाही बसलो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

पहिली गोष्ट तारखांची. वरच्या लेव्हलचं काम तुम्ही आधीच करत आहात, हे दाखवल्यावर ती लेव्हल मिळते. म्हणजे ज्या सायकलमध्ये (रिव्ह्यूच्या फेरीत) नाव जायला हवं, तिच्या निदान वर्षभर आधी तसं काम हातात हवं. रिव्ह्यूचा फॉर्म उघडल्यावर जे ‘या वेळी बघू या का?’ असं मॅनेजरला विचारतात, त्यांचं त्या सायकलपुरतं तरी काही होत नाही. मॅनेजरची यादी तोवर त्याच्या मॅनेजरकडे पोचलेली असते.

आपल्याकडच्या ऑफिसांची खरी अडचण कामाच्या वाटपात आहे. आराखडा सिअ‍ॅटल किंवा बे एरियात ठरतो आणि कोड हैदराबाद, बंगळूर, पुण्यात लिहिला जातो. असं काम कितीही अवघड असलं तरी ‘डिझाइन कोणाचं?’ या प्रश्नापाशी पॅकेट अडतं. उपाय एकच आहे: एखादी सेवा पूर्ण इकडे मागून घ्यायची. रोडमॅप, ऑन-कॉल, क्षमतेचं नियोजन, जुनी आवृत्ती बंद करणं, सगळं त्यात आलं. लहान सेवा चालेल, अर्धी नको. आणि तिच्यामुळे दुसऱ्या दोन-तीन टीम्सना आपली पद्धत बदलावी लागली असेल, तर स्टाफच्या केसचा कणा तोच.

आता पॅकेट. साधारण तीन-चार प्रकल्प, प्रत्येकी एक-दोन परिच्छेद, खाली डिझाइन डॉक, पोस्टमॉर्टेम (बिघाडानंतरचा अहवाल) आणि डॅशबोर्डच्या लिंका. लोक इथे सगळं वर्ष ओततात आणि पंधरा प्रकल्प लिहितात. वाचणाऱ्यापुढे त्या दिवशी अशीच वीस-पंचवीस पॅकेट्स असतात, त्यामुळे चौथ्या प्रकल्पानंतर तो नजर फिरवतो.

वाक्य कसं असावं, याचा नमुना देतो. ‘चेकआउट सेवेची कार्यक्षमता सुधारण्यात मोलाचा वाटा उचलला’ हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याऐवजी (पी-९९ म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव विनंत्यांना जेवढ्या वेळात उत्तर मिळतं ती वेळ): ‘चेकआउटचा पी-९९ प्रतिसाद १,८०० मिलिसेकंदांवरून ६२० वर आणला. एका ऑर्डरमागे डेटाबेसला चार फेऱ्या होत होत्या, त्यांची एक केली. कॅशचा (डेटाची तात्पुरती प्रत जवळ ठेवण्याचा) पर्याय तपासून सोडला, कारण किंमत शिळी दिसण्याचा धोका होता. रचना माझी, अंमलबजावणी माझी आणि दोन सहकाऱ्यांची. हीच पद्धत पुढे रिफंड टीमने घेतली.’ यात आधीचा आकडा आहे, नंतरचा आहे, कारण आहे, सोडलेला पर्याय आहे आणि कोणी काय केलं तेही आहे. सोडलेला पर्याय बहुतेक जण गाळतात. माझ्या मते तेच सर्वांत वजनदार वाक्य, कारण निर्णयशक्ती दिसते ती तिथेच.

आधीचा आकडा नंतर शोधून मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. बारीक मेट्रिक्स बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांनी पुसली जातात. काम सुरू करतानाच आलेखाचा स्क्रीनशॉट तारखेसह डिझाइन डॉकमध्ये चिकटवा.

यानंतर सहकाऱ्यांचा फीडबॅक, आणि इथे पॅकेट्स सर्वांत जास्त घसरतात. पाचही जण स्वतःच्याच टीमचे आणि पाचांचंही एकच: ‘खूप मेहनती, नेहमी मदतीला तयार.’ हे कौतुक वाचून समितीला उत्तम सीनिअर इंजिनिअर दिसतो, म्हणजे आहात तिथेच तुम्ही बरे. नावं निवडताना एक दुसऱ्या टीममधला, एक त्या वरच्या लेव्हलवर आधीच असलेला आणि एक जण असा घ्या, ज्याच्याशी डिझाइनवरून तुमचा वाद झाला होता आणि तो तडीस गेला होता. या तिसऱ्याचा शब्द फार चालतो. फीडबॅकची विंडो उघडायच्या दोन-तीन आठवडे आधी प्रत्येकाला दोन ओळी पाठवा: अमुक प्रकल्पात आपण एकत्र होतो, त्यातल्या अमुक निर्णयाबद्दल लिहिलंत तर बरं. काय लिहायचं ते मात्र सांगू नका. एकाच मुशीतली वाक्यं दोन फीडबॅकमध्ये दिसली की ती लगेच ओळखू येतात.

निर्णय होतो तो कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सगळ्या नावांची तुलना करणाऱ्या मीटिंगमध्ये, आणि तिथे तुम्ही नसता. अनेक टीम्सचे मॅनेजर, वर एक डायरेक्टर, सोबत एचआर, समोर स्प्रेडशीट. उघड ‘हो’ आणि उघड ‘नाही’ झटपट उरकतात, वेळ जातो मधल्यांवर. तिथे तुमच्या मॅनेजरला काही मिनिटं मिळतात, त्यामुळे पॅकेट त्याला तोंडी मांडता येईल असंच हवं. मीटिंग पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ९ ची असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे ९:३० आणि हिवाळ्यात १०:३० वाजलेले असतात. दिवसभर काम करून दमलेला माणूस तुमची बाजू मांडतोय हे धरून चला आणि आधीच्या वन-ऑन-वनमध्ये त्याला तीन वाक्यं पक्की करून द्या. ‘हिने हे केलं नसतं तर काय अडलं असतं?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर त्या तीन वाक्यांत असलंच पाहिजे.

सक्तीच्या टक्केवारीबद्दल, म्हणजे इतके टक्के वर, इतके मध्ये, इतके तळाला अशा बंधनाबद्दल, लोक अजून विचारतात. जीईमध्ये (जनरल इलेक्ट्रिक) तिचे प्रमुख असताना जॅक वेल्च यांनी २०-७०-१० ची वाटणी गाजवली. मायक्रोसॉफ्टने आपली स्टॅक रँकिंग, म्हणजे तशीच सक्तीची क्रमवारी, नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. गूगलने २०२२ मध्ये कामाच्या मूल्यमापनाची जुनी पर्फ पद्धत बदलून ग्रॅड ही नवी आणली. नावं बदलली तरी बजेट मोजकंच असतं, त्यामुळे कागदावर कोटा नसला तरी तुलना होतेच, आणि ती बहुधा त्याच डायरेक्टरखालच्या लोकांशी. तुमच्या शेजारच्या टीममधून कोण उभं आहे हे मॅनेजरला सरळ विचारा. तो नाव सांगणार नाही, पण जागा तंग आहे की नाही ते सांगेल.

सगळं जुळून येऊनही रिऑर्ग (टीम्सची फेररचना) होतो आणि मॅनेजर बदलतो. नव्याला तुमचं काम ठाऊक नसतं आणि पहिल्याच सायकलमध्ये अनोळखी माणसासाठी तो भांडणार नाही, त्यात त्याचा दोषही नाही. बातमी कळताच जुन्या मॅनेजरकडून हँडओव्हरची नोंद अधिकृत सिस्टीममध्ये करून घ्या. चॅटवरचा ‘डोन्ट वरी’ पुढे कोणी वाचत नाही. शक्य असेल तर जुना, नवा आणि तुम्ही अशी एकत्र अर्ध्या तासाची मीटिंग लावा.

नकार आला तर आठवडाभरातच कारण लेखी मागा. ‘आणखी स्कोप हवा’ यावर समाधान मानू नका. कोणत्या प्रकल्पात काय कमी पडलं, पुढच्या सायकलला नेमका कोणता पुरावा लागेल आणि तसं काम कोण देणार, एवढं विचारा. तिसऱ्याचं उत्तर येत नसेल तर त्या टीममध्ये वरची जागाच नाही असं समजा आणि अंतर्गत बदली बघा.

होकार आला की पगाराचं पत्र येतं आणि बऱ्याच ठिकाणी शेअर्सचं नवं ग्रँटही. पुढच्या रेटिंगची तुलना आता नव्या लेव्हलच्या लोकांशी होते, म्हणून बढतीनंतरचं पहिलं रेटिंग अनेकांचं एक पायरी खाली येतं. त्याचा बोनस आणि पुढच्या शेअर्सवर परिणाम होतो. गृहकर्जाचा हप्ता ठरवताना जुन्या रेटिंगचा बोनस धरून गणित करू नका.