पहिल्या सत्रापासून मागे मोजताना

युरोपातील फुटबॉल प्रशिक्षकांच्या एका अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाल्याचे पत्र आले, तेव्हा सर्वांत आधी मी विमानाची तिकिटे शोधायला बसलो. तो क्रम चुकीचा होता. पंधरा वर्षांखालील मुलांचा संघ मी अनेक वर्षे सांभाळतो, पण परदेशातील अभ्यासक्रमाला जाण्याची माझी ही पहिलीच वेळ होती, आणि तिकीट हा प्रवासाचा शेवटचा निर्णय असतो, पहिला नव्हे, हे समजायला मला दोन आठवडे लागले.

अभ्यासक्रम दोन टप्प्यांचा होता. पहिला मार्चअखेरीस सुरू होऊन बारा दिवस चालणार होता आणि दुसरा जूनमध्ये दहा दिवसांचा होता. मधल्या काळात प्रत्येकाने आपापल्या संघाबरोबर सत्रे घ्यायची, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष मैदानावर मूल्यमापनाला सामोरे जायचे, अशी रचना होती. शिक्षणाच्या दृष्टीने ती फार चांगली आहे. मात्र प्रवासाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की एकाच व्हिसावर शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, दोनदा प्रवेश करावा लागणार. आयोजकांच्या निमंत्रणपत्रात तर फक्त पहिल्या टप्प्याच्या तारखा होत्या. त्या पत्राच्या आधारे अर्ज केला असता, तर एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळण्याची शक्यता होती आणि जूनसाठी सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागली असती. म्हणून मी सुधारित पत्र मागितले. त्यात दोन्ही टप्प्यांच्या तारखा, निवासाचा पत्ता आणि शुल्क भरल्याचा उल्लेख तर होताच, शिवाय मी तेथे शिकण्यासाठी येत आहे, कोणाला शिकवण्यासाठी नाही, आणि मला कोणतेही मानधन मिळणार नाही, हेही स्पष्ट लिहून घेतले. व्यवसायाच्या रकान्यात ‘फुटबॉल प्रशिक्षक’ असे लिहिणारा माणूस परदेशी मैदानावर जातो, तेव्हा तो नोकरीसाठी जात असावा असा समज होणे स्वाभाविक आहे. हे एक वाक्य मला संपूर्ण अर्जातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी करता येतो. निर्णय साधारणपणे 15 दिवसांत होतो, पण अधिक तपासणी लागल्यास 45 दिवसही लागू शकतात. मी 45 दिवस धरूनच उलटी मोजणी केली आणि त्यापूर्वी अपॉइंटमेंट मिळण्यासाठी आणखी तीन आठवडे राखून ठेवले. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत दिलेला असावा, त्यात दोन कोरी पाने असावीत आणि परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने तो वैध असावा, हे नियम मला ठाऊक होते. परंतु ही परतीची तारीख एप्रिलची नसून जूनमधल्या शेवटच्या प्रवासाची धरायची असते, हे लक्षात येताच मी पासपोर्ट पुन्हा उघडून पाहिला. सुदैवाने मुदत पुरेशी होती.

विम्याबाबत मात्र मी अधिक सविस्तर सांगेन, कारण माझ्या बरोबरच्या अनेकांनी त्याकडे केवळ अर्जासोबत जोडायचा कागद म्हणून पाहिले होते. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते आणि बहुप्रवेशाच्या अर्जाला पहिल्या प्रवासापुरता विमा दाखवला तरी चालतो. पण प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात आपण फक्त वहीत टिपणे काढत नाही. एक जण सत्र घेतो, तेव्हा उरलेले सगळे त्याचे खेळाडू होतात, आणि चाळिशी ओलांडलेली माणसे दिवसातून दोन-तीन सत्रे धावतात, वळतात, टॅकल करतात. मी आधी निवडलेल्या पॉलिसीत ‘संघटित क्रीडाप्रकारात भाग घेताना झालेली दुखापत’ स्पष्टपणे वगळलेली होती. ती पॉलिसी व्हिसासाठी पुरेशी ठरली असती आणि गुडघा दुखावल्यावर निरुपयोगी. थोडा जास्त हप्ता भरून मी खेळांचा समावेश असलेली पॉलिसी घेतली, आणि जूनच्या प्रवासासाठीही तशीच घ्यायची हे तेव्हाच ठरवले.

तिकिटे त्यानंतर काढली. विमान ज्या शेंगेन देशात पहिल्यांदा उतरते तिथेच प्रवेशाची तपासणी होते, त्यामुळे वाटेत विमान बदलायला सव्वा तास असलेले स्वस्त तिकीट मी सोडले आणि साडेतीन तास देणारे घेतले. दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणात असावीत, हा आग्रहही मी धरला, कारण वेगवेगळ्या तिकिटांवर पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या कंपनीवर आपली कोणतीही जबाबदारी राहत नाही.

पोहोचण्याचा दिवस ठरवताना एक गोष्ट अगदी योगायोगाने ध्यानात आली. पहिले सत्र सोमवारी सकाळी होते आणि आदला रविवार मार्चमधला शेवटचा रविवार होता, म्हणजे युरोपात घड्याळे एक तास पुढे जाण्याचा दिवस. रविवारी रात्री पोहोचलो असतो, तर प्रवासाचा थकवा, वेळेतला फरक आणि हा हरवलेला तास हे सगळे घेऊनच मैदानावर उभा राहिलो असतो. मी शुक्रवारी पोहोचलो. दोन रात्रींचा जादा खर्च झाला, तो मला योग्य वाटतो.

सामानात बूट, शिटी, सत्रांचे आराखडे आणि दोन दिवसांचे खेळाचे कपडे मी केबिन बॅगेत ठेवले. चेक-इन केलेली बॅग उशिरा आली, तर बाकी सारे उसने मिळते, पण पायाला सरावलेले बूट मिळत नाहीत. गवताचे आणि कृत्रिम असे दोन्ही प्रकारचे मैदान असल्याचे आयोजकांनी कळवले होते, म्हणून स्टड (तळाचे उंचवटे) वेगळे असलेले दुसरे बूट मोठ्या बॅगेत गेले.

व्हिसा हातात आल्यावर मी आधी प्रवेशांची संख्या पाहिली, मग वैधतेच्या तारखा आणि शेवटी मुक्कामाचे दिवस. या शेवटच्या रकान्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मला बावीस दिवस शिकायचे होते आणि येण्याजाण्याचे, विश्रांतीचे दिवस वेगळे. स्टिकरवर तीस दिवस होते. पहिल्या टप्प्यात प्रवेशाचा आणि निघण्याचा दिवस धरून त्यातले पंधरा संपले. उरलेल्या पंधरा दिवसांत बसेल असे जूनचे तिकीट मी परतल्यावर त्याच आठवड्यात काढले, आणि मग मुलांच्या सरावाच्या नोंदवहीचे पहिले पान उघडले.