निवतीच्या खडकांवरच्या पाकोळ्या : जाऊन आलो, आता जाणाऱ्यांसाठी

सकाळी साडेसहाला सिंधुदुर्गातल्या निवतीच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा तांडेलकाका होडीत बसून समुद्राकडे बघत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "दुपारनंतर वारो सुटता ताई, तेच्याआधी परत येवचा लागात." फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता आणि पाणी तेलासारखं शांत. तरी त्यांचं ऐकलं आणि बरं केलं. परत येताना साडेदहालाच लाटा होडीच्या कडेवरून आत येऊ लागल्या होत्या.

जायचं होतं वेंगुर्ला रॉक्सला. इंग्रजांच्या जुन्या नकाशांत यांना बर्न्ट आयलंड्स म्हटलंय. इकडची माणसं निवतीचे खडक म्हणतात. एका खडकावर दीपगृह, बाजूला लहानमोठे कातळ. नाव वेंगुर्ल्याचं असलं तरी निवती जास्त जवळ. आम्हाला पाऊण तास लागला. वाटेत दोनदा गादे दिसले. डॉल्फिनला इथे गादा म्हणतात. काकांनी लगेच इंजिन मंद केलं, पाठलाग केला नाही. होडी ठरवताना ही एक गोष्ट आधीच बोलून घ्या.

मी गेले होते ती भारतीय पाकोळीसाठी. चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम बारा सेंटिमीटरचा करडा-तपकिरी पक्षी. हा फक्त पश्चिम घाटाच्या पट्ट्यात, त्यालगतच्या किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत आढळतो. पाय इतके तोकडे की फांदीवर किंवा तारेवर बसताच येत नाही. उभ्या कातळाला नखांनी लोंबकळायचं, नाहीतर उडत राहायचं. गुहेच्या काळोखात तो टिकटिक आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतो. वटवाघळाचा आवाज आपल्या कानाच्या पलीकडचा असतो, पाकोळीचा मात्र आपल्याला ऐकू येतो. आम्ही खडकातल्या गुहेसमोर इंजिन बंद करून थांबलो, तेव्हा लाटांच्या मधल्या शांततेत तो आला. कोणीतरी दूर कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा. माझ्या अंगावर काटा आला.

मग त्या बाहेर पडू लागल्या. मोजायचा प्रयत्न केला. साठ-सत्तरपर्यंत मोजल्या आणि हिशेब सुटला. त्याच त्याच पाकोळ्या पुन्हा वळून येतात, त्यामुळे या आकड्याला काही अर्थ नाही, हे समजूनच तो वाचा. खरी मोजणी विणीच्या काळात घरट्यांचीच करावी लागते, आणि ते आपल्यासारख्यांचं काम नव्हे.

घरटं हेच तर या पक्ष्याचं संकट. नर-मादी आपल्या लाळेचे धागे कातळावर थापून वाटी घडवतात, त्यात शेवाळ आणि पिसं मिसळतात. ती लाळ सुकून घट्ट होते आणि त्यात दोन पांढरी अंडी. याच लाळेचं सूप करतात, म्हणून चीनकडच्या बाजारात पाकोळ्यांच्या घरट्यांना मोठी किंमत येते. दोन-अडीच दशकांपूर्वी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथली घरटी काढून विकली जात असल्याचं उघडकीस आणलं आणि संरक्षणासाठी पाठपुरावा केला. वेळासच्या कासवांमुळे लोक या संस्थेला ओळखतात; पाकोळीसाठीचं तिचं काम फार थोड्यांना ठाऊक आहे.

धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत (आययूसीएनच्या) ही पाकोळी "धोका कमी" या वर्गात आहे. ते वाचून माझ्यासोबत आलेला मावसभाऊ म्हणाला, "मग काळजी कसली?" मला वाटतं घोळ इथेच होतो. तो दर्जा सगळ्या जातीचा, या गुहेचा नव्हे. पाकोळ्या शेकड्यांनी एकाच छताखाली वीण करतात. चार माणसं शिडी घेऊन एका रात्री आली तर अख्ख्या हंगामाची पिल्लं जातात. अंदमानात हे झालेलं आहे. तिथल्या पाकोळीची जात वेगळी, घरटं जवळजवळ निव्वळ लाळेचं आणि म्हणून जास्त महाग. पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी नव्वदीच्या दशकात तिथे पाहणी केली तेव्हा संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचं दिसलं. पुढे त्यांनी घरटी काढणाऱ्यांनाच गुहांचे राखणदार केलं. किनाऱ्यावरच्या माणसांना सोबत घेतल्याशिवाय आपल्याकडेही दुसरा मार्ग मला दिसत नाही. दीडशे वर्षांपूर्वी पक्षी अभ्यासक ॲलन ह्यूम इथे येऊन गेले, १९४० च्या सुमारास पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी इथल्या सुरय (टर्न) पक्ष्यांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं. इतक्या काळापासून नोंद असलेली वसाहत आपल्या हातून जाऊ नये.

आता जाणाऱ्यांसाठी. रेल्वेने कुडाळ, पुढे परुळेमार्गे निवती. विमानाने आलात तर चिपी परुळ्यातच आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. मार्चपासून वीण सुरू होते, तेव्हा गुहेकडे फिरकूच नका. पावसाळ्यात तर होडी निघतच नाही. भाडं, लाइफ जॅकेट आणि परतीची वेळ किनाऱ्यावरच ठरवा. खडकावर चढायची हौस असेल तर दीपगृह आणि वनखात्याकडे आधी विचारा. आम्ही उतरलो नाही आणि काही चुकलं असं वाटलं नाही. बॅटरीचा झोत, फ्लॅश, ड्रोन नको. वन्यजीव कायद्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हेसुद्धा "शिकार"च धरलंय. गुहेच्या तोंडाचा फोटो ठिकाणासकट कुठेही टाकू नका. दुर्बीण प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, खारं पाणी तिची वाट लावतं. समुद्र लागत असेल तर रिकाम्या पोटी बसू नका. आम्ही घावणे खाऊन निघालो होतो.

पाकोळ्यांच्या नादात वर बघायला विसरू नका. कातळाच्या टोकावर समुद्रगरुड बसला होता आणि तो आमच्याकडे बघत होता.

किनाऱ्याला लागल्यावर काकांना विचारलं, रात्री कोणी खडकावर उतरलेलं दिसलं तर काय करता? "कोणाक सांगतलंव?" ते म्हणाले. वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक मी सांगितला. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला, म्हणाले तूच घाल. नाव काय घालू विचारलं तर म्हणाले, "पाकोळी."