तुम्ही विचारलंत म्हणून: ताई, ज्वारी काहून पेरता?

लग्नात, एसटीत, कृषी केंद्राच्या काउंटरवर, कुठंही भेटलं की लोक हेच विचारतात. "ताई, सारा गाव पऱ्हाटी (कापूस) आन् सोयाबीन लावते, तुम्ही दोन एकरात ज्वारी काहून पेरता, परवडते का?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं, की नाही परवडत, हिची हौस आहे. तर एकदाच सविस्तर सांगून टाकते.

विकायच्या हिशेबाने नाहीच परवडत. 2025-26 चा हमीभाव पाहा ना, संकरित ज्वारी 3699 रुपये क्विंटल, सोयाबीन 5328, लांब धाग्याचा कापूस 8110, आणि हमीभाव कागदावर असतो, व्यापाऱ्याच्या काट्यावर नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण मी ज्वारी विकायला पेरतच नाही. घरात खाणारी माणसं आहेत, गोठ्यात बैलजोडी आणि गाय आहे. कापसाचा पैसा आला की आधी सोसायटीचं कर्ज, मग बियाणं-खताची उधारी, मग पोरांची फी, आणि किराण्याची वेळ येईपर्यंत हातात काही उरत नाही. यवतमाळ जिल्ह्यात आज कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी भाकरीची ज्वारी विकत येते, तुरीची डाळ विकत, आणि कडबा तर मिळाला तर मिळाला. दोन एकराचा हिशेब करताना लोक क्विंटल मोजतात, कडब्याच्या पेंढ्या कोणीच मोजत नाही. रेशन आहे म्हणता? आहे, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, 2013 च्या कायद्याने माणशी 5 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून फुकट मिळते, त्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. माझ्या सासूबाईंनी 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, खाल्लेला, त्या तर रेशनला हात जोडतात. पण रेशनात मुख्य गहू-तांदूळ, डाळ आपली आपण पाहायची. आणि बैलाचं रेशनकार्ड निघत नाही.

आता पावसाचं. 2023 सालचंच घ्या, जगाने भरडधान्य वर्ष साजरं केलं ते साल. जुलैत आमच्या जिल्ह्यात असा पाऊस झाला की महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं, आणि त्याच्या मागोमाग आलेला ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा. त्यात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. ज्यांच्या सगळ्या वावरात एकच पीक, एकाच वेळी फुलणारं, एकाच वेळी शेंगा भरणारं, त्यांचं अख्खं वर्ष त्या दोन महिन्यांत गेलं. पावसाचं एकूण माप कधीकधी सरासरीच भरते हो, पण पडते कसा, चार दिवसांत धुऊन काढते आणि मग तीन आठवडे तोंड दाखवत नाही.

ज्वारी साचलेल्या पाण्यात पिवळी पडते, खोटं कशाला बोलू. पण उघाड पडली की ती पानं गुंडाळते, वाढ थांबवते, आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते, फुलावर आलेल्या सोयाबीनला अशी वाट पाहता येत नाही. शिवाय मी नुसती ज्वारी पेरतच नाही, तिच्यात मुगाचे आणि तुरीचे तास, म्हणजे ओळी, असतात. मूग पासष्ट-सत्तर दिवसांत, पोळ्याच्या मागेपुढे निघते, ज्वारी दिवाळीच्या सुमारास, तूर जानेवारीत. तिघांचे फुलायचे दिवस वेगळे, म्हणून एक खंड पडला तर एकाचं नुकसान होते, तिघांचं सहसा होत नाही. हे काही मी शोधलं नाही, वऱ्हाडात सगळे असंच पेरायचे.

मग लोकांनी सोडली काहून? आळशी झाले म्हणून नाही. डुकरांनी सोडायला लावली. कणसं भरायला लागली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धं वावर आडवं करते, रोही (नीलगाय) वेगळे, दिवसा पाखरं. रात्री राखणीला, जागलीला, जायला पोरं गावात नाहीत आणि सापाच्या दिवसांत म्हातारे दीर मचाणावर झोपतात तेव्हा मला घरात झोप लागत नाही. वरून ऑक्टोबरात पाऊस पडला की दाणा काळा पडते, ती भाकर दिसायलाही बरी नाही आणि चवीलाही. हवामान बदलाच्या मीटिंगमध्ये साहेब लोक भरडधान्य पेरा म्हणतात तेव्हा डुकराचा विषय काढला की ते दुसऱ्या खात्याचं म्हणतात. माझ्या मते ज्वारी वाढवायची असेल तर बियाण्याच्या मोफत पिशवीपेक्षा कुंपणाला पैसे द्या.

तुम्हाला खरंच पेरायची असेल तर एकट्याने पेरू नका. गावात एकच ज्वारीचं वावर असलं की शिवारातली सगळी पाखरं आणि डुकरं तिथंच येतात. मृगाच्या आधी धुऱ्याला (बांधाला) लागून असलेल्या दोघा-तिघांशी बोला, सलग तुकडे धरा, एकाच आठवड्यात पेरा, म्हणजे जागल पाळीपाळीने करता येते. एकरी तीन-चार किलो बियाणं पुरते. आणि कोवळ्या ज्वारीत गाय-बैल जाऊ देऊ नका, पावसाने ताण दिलेला असला तर मुळीच नाही, किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष जनावराला बाधते.